केवड्याला पान देणारी वेल

मित्रांनो, जिला उभ्या आयुष्यात एकही घड धरू दिला नाही, अशी मी एक जुनी द्राक्षवेल आहे. मित्रांनो म्हणते ते केवळ रीत म्हणून. वयाने तुम्ही माझ्या पतवंडांच्या जागी शोभाल. तेव्हा नीट बसा, हातातले चाळे थांबवा आणि ऐका. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची मला सवय नाही.

माझे बिऱ्हाड एका संशोधन केंद्राच्या मागील काचघरात आहे. मोठी कुंडी, लोखंडी तारांचा मांडव आणि मला सावरून धरणारी सुतळी, एवढाच माझा संसार. खोड आता मनगटाएवढे जाड झाले आहे. बुंध्यापासून वीतभर उंचीवर एक गाठ दिसते. पाहुणे तिला व्यंग समजतात. ते व्यंग नव्हे, ती माझी जन्मखूण आहे. त्या गाठीच्या खाली दुसऱ्याच जातीचे काटक मूळ आहे आणि वर मी. दोघींना ज्याने एकत्र बांधले, त्याच्या हाताची ती निशाणी.

त्याला सगळे दादा म्हणत. त्याची रोपवाटिका होती. कलम बांधताना तो ओठ मिटून घेई. काडीला तिरका छेद देई, खुंटाला खाच पाडी आणि दोन्ही एकमेकांत असे बसवी, की वारासुद्धा मध्ये शिरू नये. मग पट्टी गुंडाळताना तो पुटपुटे, "साल सालीला भेटली पाहिजे. बाकीचं झाड बघून घेतं." त्याच्या हातची कलमे मरत नसत. दूरदूरचे बागायतदार आपल्या नव्या बागांसाठी त्याच्याकडूनच रोपे नेत.

त्याच्या धाकट्या बहिणीला या केंद्रात नोकरी लागली, त्या दिवशी सायकलच्या मागे बांधून त्याने मला येथे आणले. केंद्रात तिला सगळे बाई म्हणतात. मी मात्र तिला एकेरीतच संबोधणार, कारण माझी हयात तिच्या हाताखाली आणि तिची हयात माझ्या पानांखाली गेली आहे.

"घे ठमे," दादा म्हणाला, "तुझ्या रोगांना खायला घाल. आणि मेलं तर माझं नाव सांगू नकोस."

"आणि जगलं तर?"

"तर साऱ्या गावाला सांग. फुकटात जाहिरात!"

दोघे हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही; पुढे त्याची फार आठवण काढावी लागली.

आता तिच्या कामाविषयी सांगते. द्राक्षाच्या पानावर केवडा नावाचा रोग पडतो. वरून तेलाच्या डागासारखा पिवळा ठिपका दिसतो आणि पान उलटे केले, की पाठीवर पांढरी लव. दिसायला नाजूक, परंतु आठ-पंधरा दिवस ढगाळ हवा मिळाली, तर बहरलेली बाग उजाड करील. या केवड्याचा एक विलक्षण हट्ट आहे. तो मेलेल्या पानावर जगत नाही, बाटलीतल्या खाद्यावर वाढत नाही. त्याला जिवंत, ताजे, कोवळे द्राक्षपानच लागते. म्हणून ज्याला त्याचा अभ्यास करायचा असेल, त्याला आधी तो पोसावा लागतो.

त्याला पोसणारी मी. माझ्या जातीचे पान मऊ, कोणत्याही रोगाला नाही म्हणायचे त्याला ठाऊक नाही. दर आठवड्याला बाई शेंड्यापासून तिसरे किंवा चौथे पान हळूच काढी, धुई, झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर उलटे ठेवी आणि त्यावर केवड्याची लव कालवलेल्या पाण्याचे थेंब सोडी. आठवड्यात त्यावर लव फुटे. ती पुढच्या पानावर, ती त्याच्या पुढच्या पानावर. एक फेरा चुकला, की ती कुळी कायमची गेली. माझी सारी शक्ती पानांकडे जावी म्हणून फुलोरा दिसताच बाई तो नखाने खुडी. पहिल्या वर्षी मला फार लागले. नंतर मी मन घट्ट केले. घरातल्या थोरलीने रडत बसून चालत नाही.

काचघरात पाणी घालायला एक मावशी येत. डब्यांची ती ओळ पाहून त्या कपाळावर हात मारीत. "बाई, लोक गाई पाळतात, कुत्री पाळतात. तुम्ही मेला रोग पाळता!"

"पाळल्याशिवाय त्याची खोड कळत नाही, मावशी."

"माझ्या नवऱ्याला पाळला, तरी नाही कळली!"

तर मित्रांनो, ही खोड कळावी कशी? येथे लक्ष द्या. कोणत्याही जिवाच्या पेशीत एक अतिशय लांब धागा असतो. त्या धाग्यावर काही ठिकाणी तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, जसे एखादे मूल अडखळून एकच अक्षर चारचारदा म्हणते. एका कुळीत ती अक्षरे नऊ वेळा येतील, दुसऱ्या कुळीत बारा वेळा. ही ठिकाणे म्हणजे जनुकीय खुणा. तुमचे नाक आजोबांचे, हनुवटीवरची खळी आत्याची, असे म्हणून आपण मुलाचे घराणे ओळखतो ना? तसेच या खुणा मोजून केवड्याचे घराणे ओळखता येते. कोणत्या बागेतला केवडा कोणत्या बागेतून आला, कोण कोणाचा सख्खा आणि कोण उपरा, हे सारे त्यातून उमगते. बाईने काम सुरू केले, त्या काळात अशा सहाच खुणा हाती होत्या.

आणि एका वर्षी नदीकाठच्या साऱ्या बागा केवड्याने बसल्या. असा केवडा पूर्वी कोणी पाहिला नव्हता. फवारण्या झाल्या, पाने झडली, मणी काळे पडले. तो आला कोठून, हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. बाईने प्रत्येक बागेतले पान आणले. नव्या बागांची रोपे दादाच्या रोपवाटिकेतून गेलेली, म्हणून तेथलेही एक पान आणले. त्यावरही केवड्याचा ठिपका होता. ते सारे केवडे माझ्या पानांवर वाढले. दादाच्या पानाच्या डब्याला तिने निळी पट्टी लावली.

त्या आठवड्यात बागायतदार केंद्राच्या आवारात जमले होते. काचघराची खिडकी उघडी होती. एक जण म्हणाला, "रोग भावाच्या नर्सरीतून निघाला, तर काय करतील बाई?"

"करायचं काय? भाऊ म्हटल्यावर खुणासुद्धा मऊ होतात!"

सगळे हसले. बाई आत माझ्यापाशी कात्री घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला आणि तिने नको ते पान कापले, अगदी शेंड्याचे, डोळेही न उघडलेले.

सहाच्या सहा खुणा जुळल्या. निळ्या पट्टीच्या डब्यातला केवडा आणि नदीकाठचा केवडा, दोन्ही एकाच घराण्याचे दिसले. तिचे साहेब स्वतः काचघरात आले. वृद्ध, सावध माणूस.

"घाई नको," ते म्हणाले. "सहाच खुणा आहेत. आणखी एक हंगाम थांबू, आणखी खुणा शोधू."

"दुसऱ्या कोणाची नर्सरी असती, तर थांबले असते, साहेब," बाई म्हणाली. "ही माझ्या भावाची आहे."

"म्हणूनच थांब म्हणतो."

"म्हणूनच थांबता येत नाही. लोक म्हणतील, घरचं म्हणून झाकलं."

मित्रांनो, ही दोन वाक्ये मनात नीट जपून ठेवा. त्या मुलीच्या आईने तिला लहानपणापासून एकच शिकवले होते, की आपल्याला वेगळा न्याय मागायचा नाही. ते शिकवणे खोटे नव्हते. पण आपल्याला वेगळा न्याय नको म्हणता म्हणता तिने भावाला वेगळाच न्याय दिला. परक्याला जो एक हंगाम मिळाला असता, तो सख्ख्याला मिळाला नाही.

अहवाल गेला. दादाच्या रोपवाटिकेतली सारी रोपे उपटून जाळण्याचा हुकूम निघाला. खरेदीदारांनी तोंड फिरवले. ज्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागे, तेथे धूर तेवढा उरला. तो धूर इतक्या दुरूनही काचेवर येऊन बसला होता; मावशींनी दोनदा पुसली, तरी काच काळीच.

दादा आला तो थेट काचघरात. अंगाला जळक्या सालीचा वास.

"ठमे, तुझी खात्री आहे?"

"दादा, सहाही जुळल्या. मी तीनदा करून पाहिलं."

"मी रोपं देतो तेव्हा उलटीसुलटी करून पान न् पान बघतो. माझ्या हातून रोग जाईल?"

"डोळ्याला नाही दिसत रे ते."

"मग तुझ्या डोळ्यांना काय दिसलं? सहा खुणा?" त्याने माझ्याकडे बोट केले. "हिलाही जाळ. माझ्या हातची एवढी एकच राहिलीय."

 बाई माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"तो निळा डबा जपून ठेव. एक दिवस हे सगळं तुला माझ्यासमोर पुन्हा करून दाखवायला लावीन."

आणि गेला. मग त्याने रोपवाटिकेच्या जागेला कुलूप घातले आणि कोणा दूरच्या मळ्यावर राखणीचे काम धरले, असे मावशींकडून कळले. कलम पुन्हा बांधले नाही.

आई दादाच्या घरी राहत होती. अहवालाची बातमी कळली त्या दिवशी तिने आपल्या दोन साड्या पिशवीत भरल्या आणि लेकीच्या घरी आली. "ज्या घरानं शेजाऱ्यांच्या बागा बुडवल्या, त्या घरचं पाणी मला नको," एवढेच बोलली. आई मोठी बाणेदार. दादा न्यायला आला, तेव्हा तिने दार उघडले नाही.

रविवारी मात्र ती लेकीबरोबर काचघरात येई. माझ्याजवळ स्टूल ओढून बसे आणि अंगठ्याने माझी गाठ चाचपे. वरून म्हणे, "वेलीला पाणी कमी पडतंय गं." पण पाण्याचे निमित्त. तिचा अंगठा लेकाचा हात शोधत असे.

एकदा तिने विचारले, "हात इतका चांगला होता गं त्याचा. मन असं कसं झालं? विकताना एक शब्द तरी सांगायचा लोकांना."

"त्याला माहीतच नसेल, आई."

"नर्सरीवाल्याला माहीत नाही, तर कोणाला माहीत?" मग अगदी हळू आवाजात, "चूक तर नाही ना झाली तुझी?"

बाईने कात्री खाली ठेवली. "नाही आई. सहाही जुळल्या."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि पदराने माझ्या गाठीवरची धूळ पुसली.

पुढच्या थंडीत आई गेली. लेकाच्या घरचे पाणी शेवटपर्यंत घेतले नाही. तिला पोचवायला दादा आला होता म्हणतात. माणसांच्या मागे, कुंपणाशी उभा राहिला आणि कोणाशी न बोलता परतला.

त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. साहेब निवृत्त झाले. बाईचे केस पांढरे झाले. इतर डब्यांतले केवडे एकेक करून बंद झाले, कारण जिवंत रोग सांभाळणे म्हणजे तान्ह्या मुलाचे करण्यासारखे. सुट्टी नाही, आजारपण नाही. कोणी कोणी तिला म्हणत, "आता काय करायचाय तो निळा डबा? प्रकरण संपलं केव्हाच." ती म्हणे, "भाऊ बघायला येणार आहे." निळ्या डब्याशेजारी नदीकाठच्या केवड्याचा एक डबाही तिने ठेवला होता, कारण जुळवायचे तर दोन्ही हवेत. दर आठवड्याला माझी दोन पाने. अंगात ताप असतानाही ती आली आहे, कुबडी घेऊनही आली आहे. मावशी कुरकुरत, "सख्खा भाऊ विचारत नाही आणि हिचा जीव त्याच्या रोगात!" पण कुबडी बाजूला ठेवायला खुर्ची त्याच पुढे सरकवीत.

मी पाने देत राहिले. मला कोणी विचारले नाही आणि विचारले असते, तरी नाही म्हटले नसते. ज्या हाताने मला बांधले, त्याच्यावरचा आळ माझ्याच पानांवर वाढत होता आणि तो आळ मरू न देणे हेही माझेच काम होते. मित्रांनो, असे दुखणे कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मग केव्हातरी अभ्यासकांनी केवड्याच्या धाग्यावर नव्या खुणा शोधल्या. सहाच्या कितीतरी पट. त्या हाती येताच बाईने पहिल्यांदा काय तपासले असेल, हे तुम्हाला सांगायला नको. निकालाचा कागद घेऊन ती काचघरात आली आणि आईच्या स्टुलावर बसली. मावशी झारी घेऊन उभ्या होत्या.

"काय झालं, बाई?"

"मावशी, समजा, एका गावात सगळ्यांच्याच हनुवटीला खळी आहे. मग खळीवरून दोघांना सख्खे भाऊ म्हणता येईल?"

"कसं म्हणणार? सगळं गावच भाऊ होईल की!"

"मी म्हटलं," बाई म्हणाली.

त्या सहा खुणा या भागातल्या निम्म्याशिम्म्या केवड्यांत सारख्याच होत्या. नव्या खुणांनी पाहिले, तर निळ्या डब्यातला केवडा निराळाच, इकडचा जुना, साधा. कुंपणापलीकडून वाऱ्यावर येऊन एका पानाला चिकटलेला. नदीकाठ बुडवणारी कुळी दुसरीकडूनच आली होती. दादाच्या रोपांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

मावशींनी झारी खाली ठेवली. त्यांची थट्टा त्या दिवशी आटली होती.

बाईने निरोप धाडला. दादा आला. मी त्याला पावलांवरून ओळखले नाही, इतका तो वाकला होता. हात कापत होते. बाईने दोन्ही डबे समोर मांडले, त्याच्यादेखत पाने काढली, पुन्हा सारे तपासले. त्याने सांगितले होते ना, माझ्यासमोर कर म्हणून. तपासणी पुरी व्हायला काही दिवस लागले. तो रोज येऊन स्टुलावर बसे. शेवटी तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"दादा, तुझी रोपं चांगली होती. सगळीच्या सगळी. माझ्या खुणा कमी पडल्या. मी केंद्राकडून तसं जाहीर करते आहे, तुझ्या नावानिशी. प्रत्येक बागायतदाराला सांगणार आहे."

त्याने कागदाकडे पाहिलेच नाही.

"मला काय सांगतेस, ठमे?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता; राग असता, तर बरे झाले असते. "मला ठाऊकच होतं. आईला सांग."

  एवढी वर्षे बाईने दोन केवडे मरू दिले नाहीत. ज्या एका माणसाला हे सांगायचे होते, ते मात्र तिच्या हातून निसटून गेले होते, आणि तेही तिच्याच शब्दावर विश्वास ठेवून.

मावशी लगबगीने पाण्याचा पेला घेऊन आल्या. बाईने तो त्यांच्या हातून घेतला आणि भावापुढे धरला. "दादा, पाणी तरी घे."

त्याने पेला घेतला.  तो उठला, माझ्याजवळ आला आणि आईने चाचपावी तशी अंगठ्याने माझी गाठ चाचपली. बराच वेळ. मग खोडाला आवळलेल्या सुतळीत त्याचे बोट अडकले.

"काचतेय हिला," तो म्हणाला. "खोड जाड झालं, दोरी तीच राहिली. बघत नाहीस वाटतं?"

"पानंच बघत राहिले रे."

त्या कापऱ्या बोटांनी त्याने निरगाठ सोडवायला घेतली. बाईने हात पुढे केला, तो त्याने मानेनेच नाकारला. खूप वेळ लागला, पण सोडवली. सालीत खोल वळ उमटला होता. मग कुंडीशी ठेवलेला पेला उचलून त्याने माझ्या मुळाशी ओतला, सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा पेला बहिणीच्या हातात दिला आणि तो चालू लागला. दारात थांबून एवढेच म्हणाला, "पुन्हा बांधशील तेव्हा सैल बांध."

ते पाणी मी प्याले. एका घरचे पाणी आईने नाकारले होते, एका घरचे लेकाने. दोन्हीकडची तहान माझ्या मुळांना कळली.

त्या आठवड्यात माझे पान कोणी तोडले नाही. पुढच्याही नाही. दोन्ही डब्यांतली लव करपून तपकिरी झाली आणि बाईने ती तशीच होऊ दिली. आता माझ्या अंगावर पानेच पाने आहेत आणि त्यांचे काय करावे, हे मला कोणी शिकवलेले नाही. परवा एक फुलोरा आला. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली, नख पुढे झाले आणि मागे आले. तो घड धरील की नाही, सांगता येत नाही. या वयात आशेचे वेड बरे नव्हे. दादा अजून आलेला नाही. स्टूल मात्र ती रोज पुसते.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही आणि ते मी विनवणीच्या सुरात करणार नाही. थोरलीचा हुकूम समजा. कोणाला दोषी ठरवण्यापूर्वी आणखी एक खूण शोधा. ते माणूस आपले असेल, तर लोक हसतील या भीतीने हात आखडू नका, दोन अधिक शोधा. आणि ज्यांना तुम्ही कधीकाळी मायेने बांधले, त्यांची दोरी आता काचत तर नाही ना, ते आठवणीने पाहत चला.